हजारावं वर्ष आणि निजामशाहीतली कयामत

सोमवारी बेल्ह्याला बाजार असतो. बैलबाजारासाठी आमचं गाव लांबपर्यंत ओळखलं जातं, आणि पालकसभेला न येणारे पालक मला बाजारात हमखास भेटतात. मागच्या उन्हाळ्यात असेच एक भेटले. त्यांची मुलगी दहावीला होती. हुशार आहे, आणि उर्दूचं अक्षर तर असं की फळ्यावर तिच्याकडून लिहून घ्यावं.

"सर, दहावी झाली की बंद करतो तिची शाळा."

मला वाटलं पैशाची अडचण असेल, किंवा जुन्नरपर्यंतच्या एसटीची. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि एक व्हिडिओ दाखवला. कयामतीच्या निशाण्यांची यादी, मागे वाऱ्याचा आवाज, शेवटी वर्षाचा हिशेब. "अब कित्ते दिन रह गए सर? पढ़के क्या करना?"

हसून सोडून देण्यासारखं हे नव्हतं. माणूस मनापासून घाबरलेला होता आणि त्या भीतीची किंमत एक मुलगी मोजणार होती. मी तेव्हा काहीतरी बोललो, ते नीट जमलं नाही. घरी येऊन पुस्तकं काढली, कारण हाच प्रश्न याच रस्त्यावर चारशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता आणि तेव्हा तो विचारणाऱ्यांच्या हातात अख्खं राज्य होतं.

रस्ता म्हणजे आमच्या गावावरून जाणारा, पश्चिमेला आळेफाटा आणि पूर्वेला अण्याचा घाट चढून नगरला पोचणारा. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सुलतानाचं जोखड झुगारलं तेव्हा त्याचं ठाणं जुन्नर होतं. १४९४ मध्ये त्याने अहमदनगर वसवलं आणि दरबार तिकडे गेला. त्यामुळे निजामशाहीची जुनी राजधानी आमच्या एका हाताला आणि नवी दुसऱ्या हाताला. शाळेतल्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा ती आधी खिडकीबाहेर बघतात.

आता हजाराचा मुद्दा. कयामत कधी येणार हे फक्त अल्लाहला ठाऊक, असं कुरआन एकापेक्षा जास्त ठिकाणी स्पष्ट सांगतो. पैगंबरांना (स.) एकाने हाच प्रश्न केला तेव्हा त्यांनी तारीख सांगितली नाही, उलट त्यालाच विचारलं की तू त्यासाठी तयारी काय केली आहेस. एवढं असूनही लोक मोजत राहिले. अल्लाहकडचा एक दिवस तुमच्या हजार वर्षांसारखा, अशा अर्थाची आयत आहे. तिच्यावरून कोणी कोणी अनुमान काढलं की या उम्मतीचं आयुष्य हजार वर्षांचं. हिजरी नववं शतक संपत आलं तशी ही चर्चा इतकी वाढली की कैरोच्या जलालुद्दीन सुयूतींना तिच्यावर एक स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. त्यांनी म्हटलं, हजार वर्षांची गोष्ट निराधार आहे, उम्मत त्यापुढेही राहील. तिथे थांबले असते तर बरं होतं. पण त्यांनी पुढे आपलंही गणित मांडलं की पंधराशेच्या पुढे मात्र जाणार नाही. हिजरी १५०० सुरू होईल २०७६ च्या अखेरीस. त्या व्हिडिओतलं वर्ष कुठून आलं असेल, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल.

सुयूती वारले १५०५ मध्ये. त्याच वर्षी अफगाणिस्तानातल्या फराह गावी आणखी एक माणूस वारला, सय्यद मुहम्मद जौनपुरी. १४४३ चा जन्म, मोठा आलिम. आपणच तो मेहदी, ज्याची शेवटच्या काळात वाट पाहिली जाते, असा दावा त्यांनी आधी मक्केत आणि मग गुजरातेत केला. त्यांना मानणारे ते महदवी. महदवी परंपरा सांगते की हजला जाताना ते दौलताबाद, अहमदनगर, बीदर, गुलबर्गा असे फिरत कोकणात दाभोळला आले आणि तिथून जहाजात बसले. अहमद निजामशहाने त्यांच्याकडे मुलासाठी दुआ मागितली आणि बुऱ्हाण जन्मला, असंही ती परंपरा सांगते. मी महदवी नाही. त्यांचा दावा मला मान्य नाही आणि बहुसंख्य उलेमांनाही तो कधी मान्य नव्हता. पण हे लोक जगत कसे होते, ते बघण्यासारखं आहे.

ते गावाबाहेर किंवा शहराच्या कडेला वस्ती करून राहत. तिला दायरा म्हणत. साध्या झोपड्या, मध्ये मशीद. दुनियेचा हव्यास सोडायचा, चांगल्यांच्या संगतीत राहायचं, अल्लाहवर भरवसा ठेवायचा, जिक्र करायचा. रात्री पाळीपाळीने जागून जिक्र चाले, त्याला नौबत म्हणत. कमावणाऱ्याने कमाईचा दहावा हिस्सा द्यायचा. दायऱ्यात जे काही येईल, धान्य असो की पैसा, ते सगळ्यांत सारखं वाटायचं. याला त्यांचा शब्द सवीयत, म्हणजे समान वाटणी. मुर्शिदाला जेवढं, तेवढंच दारात काल आलेल्या फकिराला. उद्यासाठी राखून ठेवायचं नाही. आणि बोलणं हिंदवीत, लोकांच्या भाषेत, फक्त अरबी-फारसीत नाही. आमच्या दखनी उर्दूच्या घराण्याचा हा एक जुना ओटा आहे, असं मी उर्दूचा शिक्षक म्हणून म्हणेन.

कयामत जवळ आली असं मनापासून मानणारा माणूस रोजचा दिवस कसा काढतो, याचं हे एक उत्तर होतं. त्या उत्तराला ताकद होती, म्हणून सत्तेला त्याची भीती वाटली. बयान्याचे शेख अलाई याच पंथाचे. सूर घराण्याच्या इस्लामशहाच्या काळात, १५५० मध्ये, त्यांना चाबकाचे फटके दिले गेले आणि त्यातच त्यांचा जीव गेला. फटके देणारे आणि खाणारे दोघेही पाच वक्ताचे नमाजी.

आता अहमदनगरला येऊ. इथे गोष्ट उलटी फिरली. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिरच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला होता, म्हणून खुतब्यात बारा इमामांची नावं घेतली जात. १५८८ मध्ये मुर्तजा निजामशहाला त्याच्या मुलाने, मीरान हुसेनने, हमामात कोंडून मारलं. वर्षभराच्या आत मीरान हुसेनही मारला गेला. दखनी सरदारांचा पुढारी जमालखान किल्ल्यात घुसला आणि इराण-तुराणकडून आलेल्या परदेशी मुसलमानांची, ज्यांना गरीब किंवा आफाकी म्हणत, शहरात कत्तल झाली. लोहगडावर कैदेत असलेल्या इस्माईल नावाच्या कोवळ्या पोराला गादीवर बसवलं आणि जमालखान कारभारी झाला.

जमालखान महदवी होता. त्याने पोरगेल्या सुलतानाला त्या पंथात घेतलं, खुतब्यातून इमामांची नावं काढली आणि महदवी मत राज्याचं मत केलं. फरिश्ता लिहितो की ठिकठिकाणचे महदवी तेव्हा अहमदनगरला जमू लागले. हा फरिश्ता म्हणजे मुहम्मद कासिम, प्रसिद्ध इतिहासकार. तो स्वतः अहमदनगरच्या चाकरीत होता, शिया होता, आणि याच धामधुमीत १५८९ मध्ये विजापूरला निघून गेला. म्हणून त्याचं महदवींविषयीचं लिखाण वाचताना ते एका निर्वासिताचं लिखाण आहे हे ध्यानात ठेवावं. दुसरी बाजू मांडणारा जमालखानाचा स्वतःचा बखरकार कोणी नाही.

जमालखान सत्तेत आला ते हिजरी ९९७. हजारावं वर्ष तीन वर्षांवर. मेहदी येऊन गेला असं मानणारा एक पंथ, त्याच्या हातात राज्य, आणि समोर ते वर्ष ज्याची जगभर चर्चा. त्या तीन वर्षांत अहमदनगरच्या गल्लीबोळांत काय बोललं जात असेल, याची कल्पनाच करावी. आणि सवीयतीचं काय झालं? जे लोक दायऱ्यात येईल ते सारखं वाटून खात, उद्याचा दाणाही राखत नसत, त्यांच्या नावाने आता जहागिरी होत्या, घोडदळ होतं, सूड होता. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत दुःखाची गोष्ट ही वाटते. शेख अलाईंना ज्यांनी मारलं त्यांचीच जागा त्यांच्या पंथाच्या माणसाने घेतली.

इस्माईलचा बाप बुऱ्हाण अकबराच्या आश्रयाला होता. अकबराचं पाठबळ आणि खानदेशच्या राजा अलीखानाची फौज घेऊन तो आला. मे १५९१ मध्ये, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडजवळ लढाई झाली आणि जमालखान गोळी लागून पडला. हिजरी सन होतं ९९९, महिना रजब. हजार लागायला सहा महिनेही उरले नव्हते. बुऱ्हाण गादीवर बसला, इमामांची नावं खुतब्यात परत आली आणि महदवींना राज्यात थारा उरला नाही. मारणारे आणि मरणारे यांनी पुन्हा जागा बदलल्या. आज महदवी हैदराबादच्या चंचलगुड्यात भेटतील, कर्नाटकात चन्नपट्टणला, गुजरातेत पालनपूरकडे; अहमदनगरवर त्यांचं राज्य होतं हे नगरच्या माणसालाही सांगावं लागतं.

मग ऑक्टोबर १५९१ मध्ये मोहरमचा चंद्र दिसला आणि हिजरी १००० लागलं.

काही झालं नाही. अकबराने नाण्यांवर आकड्याऐवजी 'अल्फ', म्हणजे हजार, हा शब्द घालून घेतला. हजार वर्षांचा इतिहास लिहिण्याचं काम त्याने 'तारीखे अल्फी' नावाने आधीच काढलेलं होतं. गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशहाने तर त्या सुमाराला नवं शहर वसवायला घेतलं. हैदराबादच्या चारमिनारचा सन 'या हाफिज' या दोन शब्दांत सांगतात. अबजदच्या रीतीने प्रत्येक अक्षराला आकडा असतो. 'या' चे अकरा, 'हाफिज' चे नऊशे एकोणनव्वद, मिळून बरोबर हजार. हाफिज म्हणजे राखणारा. जग बुडणार म्हणून जे वर्ष सांगितलं जात होतं, त्याच वर्षाच्या नावाने एवढी दगडी इमारत उभी राहते, हे मुलांना सांगताना मला फार बरं वाटतं. अहमदनगरात सय्यद अली तबातबाई नावाचा इतिहासकार दरबारासाठी 'बुऱ्हाने मआसिर' लिहायला बसला. पुढची पिढी वाचेल या भरवशावरच माणूस ग्रंथ लिहायला बसतो.

हे झालं दरबारचं. गावात काय होतं?

गावात हजारावं वर्ष लागलंच नव्हतं. मी ही गोष्ट पहिल्यांदा आकडेमोड करून पाहिली तेव्हा थक्क झालो. दख्खनमध्ये सरकारी आणि गावच्या कागदांवर शुहूर सन लिहीत. त्याला अरबी सन किंवा मृगसाल असंही नाव आहे, कारण ते सूर्य मृग नक्षत्रात गेला की, म्हणजे पेरणीच्या तोंडाला, बदलतं. हिजरी वर्ष चंद्राचं, ते दर साली दहा-अकरा दिवस पुढे सरकतं; त्या मापाने सारा गोळा करायचा तर कधी पीक उभं असताना वर्ष संपायचं. म्हणून चौदाव्या शतकात हिजरी आकडाच घेऊन त्याला सूर्याच्या वर्षाला बांधलं. तेव्हापासून दोन्ही सनं हळूहळू एकमेकांपासून दूर गेली. हिजरी १००० लागलं तेव्हा कुलकर्ण्याच्या कागदावर साल होतं 'इसन्ने तिसैन तिसा मया', म्हणजे दोन, नव्वद आणि नऊशे. ९९२. अरबी आकडे, मोडी अक्षर, लिहिणारा बहुधा ब्राह्मण, आणि ज्याच्यासाठी लिहायचं तो कुणबी. जग बुडायला दरबाराच्या मते आजचा दिवस आणि पाटलाच्या कागदाप्रमाणे अजून आठ पेरण्या बाकी.

गावचं अलफ, म्हणजे शुहूर १०००, लागलं १५९९ च्या मृगाला. तेही गेलं. पुढच्या साली, 'इहिदे अलफ' मध्ये, ऑगस्ट १६०० ला, चांदबीबीचा खून झाल्यावर अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. राज्यावर आभाळ कोसळलं ते गणिताला एक वर्ष चुकवून! आणि या मुलखावर खरी कयामत म्हणावी अशी वेळ आली ती १६३० च्या दुष्काळात, ज्यात तुकोबांच्या घरीही मरण आलं. तेव्हा हिजरी सन होतं १०४० च्या आसपास. कुठल्याही हजाराच्या वळणावर ते नव्हतं आणि कोणी आधी सांगितलंही नव्हतं.

मग त्या काळच्या गावातल्या मुसलमानाच्या मनात कयामत होती तरी कशी? त्याच्या घरात ग्रंथ नव्हते. गावाचा मुलाणा हाच त्याचा आलिम. निकाह, जनाजा, जिबह सगळं तोच करी, आणि अनेक ठिकाणी तो बलुतेदारांमध्ये मोजला जाई, सुतार-न्हाव्यासारखा खळ्यावरचा वाटा घेई. मुलाण्याने सांगितलेली कयामत त्या माणसाला रोजच्या कामातून समजत असणार. कुरआनात त्या दिवशीच्या डोंगरांना पिंजलेल्या लोकरीची उपमा आहे. आमच्याकडे पिंजारी मुसलमान. दिवसभर धनुकलीच्या दोरीखाली कापूस उडताना पाहणाऱ्या माणसाला ही उपमा समजावून सांगायची गरज काय? मीजान म्हणजे तराजू. अत्तार, तांबोळी, खाटीक, सगळ्यांच्या हातात तो रोज. वजनात मारलेला दांडा तिकडे भरून द्यावा लागेल, हे त्यांना कळत होतं, मानत किती होते ते अल्लाह जाणे.

आणि हिशेब. हा शब्द आपण मराठीत इतका वापरतो की तो कुरआनातला आहे हे विसरतो. कयामतीचं एक नावच हिशेबाचा दिवस. हजर, जामीन, जमा, बाकी, हे सगळे शब्द निजामशाहीच्या कचेरीतून मराठीत मुरले आणि त्यातले कितीतरी मुलाण्याच्या वाजमध्येही येत असतील. गावात तंटा झाला की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, परगण्याच्या ठिकाणी काजीही. निवाड्याचा कागद तो महजर. सही न येणाऱ्यांची निशाणी, कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा. साक्षीने निवाडा झाला नाही तर दिव्य. उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा हाताने काढायचा, मग हाताला पिशवी बांधून मोहोर करायची आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उघडून बघायची. इस्लामी शरीयतीत याला जागा नाही, तरी मुसलमान सुलतानांच्या राज्यात ते चालत राहिलं. ते तीन दिवस त्या माणसाने कसे काढले असतील? आपली बाजू खरी आहे का, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसणार. मला वाटतं गावाची कयामत ही अशी होती, बांधलेल्या हातासारखी. तिच्यात सन नव्हता.

जुन्नरला कागद होत असे. कागदी मुसलमानांची घरं चिंध्या-ताग कुटून, कुंडात कालवून, साच्यावर ताव उचलत. जुन्नरी कागद पुढे पेशव्यांच्या दप्तरातही गेला. प्रत्येकाच्या करणीची वही कयामतीच्या दिवशी हातात दिली जाईल, अमलनामा, ही श्रद्धा बाळगणारे लोक इकडे दिवसभर दुसऱ्यांच्या हिशेबासाठी कोरे ताव घोटत बसलेले. हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

घरची एक गोष्ट सांगतो. माझा जन्म हिजरी १४०० च्या आसपासचा. लहानपणी काहीही वाईट घडलं, पाऊस लांबला, कोणाची लेक पळून गेली, की दादी म्हणायची, "चौदहवीं सदी है बाबा." हिजरी चौदाव्या शतकातच दुनिया संपणार, असं तिच्या पिढीच्या कितीतरी मुसलमानांनी ऐकलं होतं. आणि १४०० च्या पहिल्याच दिवशी, २० नोव्हेंबर १९७९ ला, जुहेमान अल-उतैबीच्या हत्यारबंद टोळीने मक्केची मशीदे हराम ताब्यात घेतली. मेहदी आला, हा बघा, म्हणून आपल्यातला एक जण पुढे केला. दोन आठवडे लढाई चालली, हरमच्या आवारात शेकडो माणसं मेली, त्यात तो मेहदीही. रोहिणखेडनंतर चारशे हिजरी वर्षांनी तेच. दादीला ही बातमी कळली होती का, हे मी तिला कधी विचारलं नाही. चौदावं शतक संपून पंधरावं लागलं तरी तिचं वाक्य मात्र बदललं नाही. आणि शतक संपत आलंय म्हणून तिने कोंबड्या विकल्याचं किंवा माझ्या बापाची शाळा बंद केल्याचं मी ऐकलेलं नाही.

दोन-तीन सोमवारांनी ते पालक पुन्हा भेटले. मी त्यांना जमालखानाची गोष्ट सांगितली, वर बरीच पानं लिहिली तेवढी नाही, चहा संपेपर्यंतची. शुहूर सनाचा घोळ सांगितला तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "म्हणजे त्या साली पेरणी झाली?" झाली, मी म्हटलं, आणि साराही वसूल झाला. मग पैगंबरांना (स.) तारीख विचारणाऱ्या माणसाची हदीस सांगितली. ती त्यांनी आधी ऐकलेली होती. तारखेचा भाग ऐकला होता, तयारीचा विसरले होते.

ते पटले असं मी म्हणणार नाही. व्हिडिओ त्यांनी माझ्यासमोर तरी पुसला नाही. बैलाच्या दोरीला हात घालून थोडा वेळ उभे राहिले आणि मग अकरावीच्या फॉर्मची शेवटची तारीख विचारली. मी सांगितली.